भालेकरकाकांची हिरवी सही

संजयचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून येऊन सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकखाली लिफ्टची वाट बघत होते. "नीताताई, बाबांवर तुम्हीच लिहा. स्मरणिकेत दोन पानं राखून ठेवलीत. छान छान आठवणी, त्यांचे किस्से, ते 'लेखी द्या' वगैरे. तुम्ही तर त्यांच्या लाडक्या!" संजय म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, आणि बाबा म्हणजे त्याचे सासरे, भालेकरकाका. काका साताऱ्याला परत गेले होते, तिथेच गेल्या महिन्यात वारले. झोपेतच गेले म्हणे.

लाडकी! लिफ्ट आली आणि गेली, मी तिथेच उभी. माणसाला काही लाज? ज्या सभेत माझ्या नावाचे धिंडवडे निघाले तिचा अध्यक्ष हाच होता, आणि आता हाच मला छान छान आठवणी मागतोय. मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. मग भाजी चिरताना लक्षात आलं की आठवणी खरंच आहेत आणि छानही आहेत, आणि तीच तर माझी पंचाईत आहे. काका सरळसरळ वाईट असते तर मी कधीच विसरून गेले असते. म्हणून लिहितेय. छापायचं की नाही ते संजयने ठरवावं.

काका मला पहिल्यांदा भेटले ते माझं बिल परत करायला. मंडळाच्या कोजागरीचं मसाला दूध माझ्याकडे होतं. साठ-सत्तर घरांचं आमचं छोटंसं मंडळ, त्यात मी नुकतीच खजिनदार झालेली. केशर, बदाम, दूध, सगळ्याच्या पावत्या एका पिशवीत कोंबून मी अध्यक्षांच्या घरी दिल्या होत्या. चार दिवसांनी एक उंच, वाळकुडे, सफारी घातलेले गृहस्थ आमच्या दारात. सिंगापूरच्या उकाड्यात सफारी! हातात माझीच पिशवी.

"आपणच खजिनदारबाई का? मी भालेकर. संजयचा सासरा. आपल्या बिलावर तीन आक्षेप आहेत."

मी म्हटलं, "आधी आत तर या."

"येतो. पण पाणी नको, आक्षेप आधी."

पावत्यांना त्यांनी टाचण्या लावल्या होत्या, एका कागदावर क्रमवार मांडणी केली होती आणि समासात हिरव्या शाईने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'वेलदोड्याची पावती आढळत नाही. खुलासा व्हावा.' मला इतकं हसू आलं. नवरा आतून बघत होता. म्हटलं, "काका, वेलदोडे घरातले घातले हो मी." त्यांनी मान डोलावली, खिशातलं हिरवं पेन काढलं, 'खुलासा मान्य' असं लिहिलं, खाली सही ठोकली, तारीख घातली. आणि मग म्हणाले, "आता चहाचा प्रस्ताव असेल तर तत्त्वतः मान्य आहे."

तिथून जे सुरू झालं ते पुढे दोन-अडीच वर्षं चाललं. मंडळाच्या घटनेप्रमाणे पदाधिकारी इथले नागरिक किंवा पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, असायला हवेत. काका मुलीकडे लाँग-टर्म व्हिजिट पासवर आलेले, त्यामुळे त्यांना काही होता येत नव्हतं. मग ते झाले सल्लागार. कागदावर खजिनदार मी, आणि खरे खजिनदार ते. त्यांच्या हिरव्या सहीशिवाय व्हाउचर पास होत नसे, हा नियम त्यांनीच घातला आणि आम्ही सगळ्यांनी आनंदाने मान्य केला. का नाही करणार? राज्याच्या कोषागार खात्यात कारकून म्हणून चिकटलेला आणि सहसंचालक होऊन बाहेर पडलेला माणूस आम्हाला फुकट मिळाला होता.

संजय त्यांची ओळख करून देताना "माय फादर-इन-लॉ, स्टेट ट्रेझरर" असं सांगायचा. काका माझ्या कानाशी पुटपुटायचे, "तसं पद आपल्याकडे नाही हो. पण यांना समजायला सोपं." आणि मग समोरच्या चिनी किंवा तमिळ पाहुण्याकडे बघून राज्याच्या ट्रेझररला शोभेल अशी मान लववायचे. ते मला फार आवडायचं.

त्यांची भाषाच सरकारी होती. घरात, बाजारात, एमआरटीच्या गाडीत, सगळीकडे तीच. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी दिली की ते त्याला 'पुनर्विनियोजन' म्हणत. एका खात्यासाठी मंजूर झालेला पैसा दुसऱ्या खात्याकडे वळवायचा तर सरकारात जो शब्द वापरतात, तो. "नीताबाई, आजचं पुनर्विनियोजन उत्तम झालंय, मात्र शेंगदाण्याची तरतूद अपुरी वाटते." माझी मुलगी रेवा तेव्हा तिसरीत होती. तिला मराठी लिहायचा कंटाळा. काकांनी तिला सांगितलं, तुला जे काही हवं ते अर्ज करून माग. मग आमच्या फ्रिजवर अर्ज लागू लागले: 'मला आज मॅथ्स ट्यूशन नको. ही विनंती.' त्याखाली हिरव्या शाईत: 'कारण नमूद नाही. फेरसादर करावे.' रेवा चिडायची, "आजोबा, यू सो स्ट्रिक्ट लाह!" आणि कारण शोधून पुन्हा लिहायची. माझ्या चार वर्षांच्या ओरडण्याने जे झालं नव्हतं ते त्या हिरव्या पेनाने केलं.

ते पेन शर्टाच्या डाव्या खिशात, कायम. त्याची रिफिल इथे मिळेना म्हणून एकदा आम्ही दोघं हौगांगला एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानापर्यंत गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, "अंकल टीचर आह?" काका म्हणाले, "नो. ट्रेझरी." रस्ताभर मला समजावत होते की हिरवी शाई ही शोभा नाही, ती जबाबदारी आहे. "निळ्या शाईने लिहिणारा सुचवतो. हिरव्या शाईने लिहिणारा अडकतो. म्हणून ती हातात घेताना माणसानं विचार करावा." एवढी वाक्यं पाठ आहेत मला त्यांची, आणि आता त्या प्रत्येक वाक्याचा मला राग येतो.

सेरंगूनला त्यांच्या काँडोजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, ते रोज संध्याकाळी कोपी, इथली कॉफी, प्यायचे. तिथल्या आंटीकडे त्यांनी पहिल्याच दिवशी पावती मागितली. आंटीने कपाळाला हात लावला. "अय्यो अंकल, वन कोपी ओल्सो वॉन्ट रिसीट आह?" काका जागचे हलेनात. शेवटी तिने एका कागदाच्या चिटोऱ्यावर 'कोपी १' असं खरडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याभरात आंटी न मागता चिठ्ठी द्यायला लागली आणि त्यांना 'रिसीट अंकल' म्हणायला लागली. काका त्या चिठ्ठीवर हिरवी सही करून, तारीख घालून ती खिशात टाकत. मी विचारलं, "काका, कुणाला दाखवायच्या या?" तर म्हणाले, "कुणी विचारलं तर असाव्यात."

त्यांच्या नोकरीतल्या गोष्टी ऐकताना वेळ कसा जायचा कळायचं नाही. मला सगळ्यात आवडायची ती डबल लॉकची. जिल्ह्याच्या ट्रेझरीत एक पक्की खोली असते, तिला दोन कुलुपं. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. दोघं समोर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. आत मुद्रांक असतात, कधी भरती परीक्षेच्या प्रश्नपत्रिका असतात. काका तेव्हा कुठल्याशा जिल्ह्याला होते, आणि त्यांच्या रोखपालाच्या मुलीचं लग्न नेमकं परीक्षेच्या दिवशी आलं. रोखपाल आदल्या दिवशी किल्ली घेऊन आला, म्हणाला, साहेब, उद्या तुम्हीच दोन्ही लावा, आपला काय परस्परांवर विश्वास नाही का? "मी त्याला म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच दोन कुलुपं आहेत. एकाच माणसानं सगळा भार का घ्यावा?" आणि दुसऱ्या दिवशी जीप पाठवून नवरीच्या बापाला मांडवातून उचलून आणला. फेटा, उपरणं, कपाळाला हळद, तशा अवतारात त्याने आपलं कुलूप काढलं, प्रश्नपत्रिका बाहेर पडल्या, कुलूप लावलं आणि जीपने परत. अंतरपाट धरून भटजी खोळंबलेले. "त्याचा व्याही पुढं दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही," काका सांगायचे आणि खुसखुसायचे.

दुसरी गोष्ट मंत्र्याची. मार्चअखेर. कुठल्याशा मंत्र्याच्या स्वीय सहायकाचा फोन, की अमुक बिल आजच पास करा, मंजुरी मागाहून येईल. काका म्हणाले, "लेखी द्या." तो म्हणाला, साहेबांचा शब्द आहे. काका म्हणाले, "शब्दावर कोषागार उघडत नाही. लेखी द्या." पंधरा दिवसांत बदली, थेट कोकणात. "फार बरं झालं. मालतीला ताजी मासळी मिळाली." मालतीकाकू त्यांची बायको. त्या गेल्या आणि साताऱ्याच्या घराला कुलूप लावून काका मेधाकडे, म्हणजे मुलीकडे, इथे आले.

'लेखी द्या' हे मग आमच्या मंडळात जो तो म्हणायला लागला. बटाटेवडे किती आणायचे? लेखी द्या. पण माझ्यासाठी ती गंमत नव्हती. मी गणिताला घाबरणारी, आकडे दिसले की घाम फुटणारी बाई. त्यांनी मला शिकवलं. "तोंडी आदेश हा आदेशच नव्हे, खजिनदारबाई. सांगणारा कितीही मोठा असो. तो विसरतो, आणि विसरायचं नसलं तरी विसरतो." माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. कुणी शेजारी बसून इतक्या चिकाटीने काही शिकवावं, याची मला सवयच राहिली नव्हती. आता सांगायला काय हरकत आहे, मी त्यांना मनातून वडीलच मानत होते.

आणि शाळा. शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरायचा, आमच्याच भागात, एका भाड्याच्या खोलीत. आज ही खोली, उद्या ती. मुलं कंटाळायची, पालक गळायचे. कायमची एखादी खोली घ्यायची, भिंतीवर मुळाक्षरं लावायची, पुस्तकांचं कपाट ठेवायचं, हे माझं डोक्यात घेतलेलं खूळ होतं. काकांनी त्यासाठी मंडळात वेगळा शाळानिधी उघडायला लावला. नियम त्यांनीच लिहिला: हा पैसा शाळेशिवाय कशालाही हलवायचा नाही. दिवाळी अंक विकून, फराळ करून, घरोघर फोन करून आम्ही तो जमवला. खोली ठरली. एका कंपनीच्या जुन्या ऑफिसची जागा होती, खिडकीतून रेनट्री दिसायचं. घरमालकाने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं.

आता एक छोटी गोष्ट सांगते, तेव्हा मला ती गोष्ट वाटलीच नव्हती. सेरंगूनला त्यांच्या घरी आम्ही डायनिंग टेबलवर वार्षिक हिशेब मांडून बसलो होतो. संजय जिमवरून आला. "बाबा, हे सगळं उचला हं इथून. सातला गेस्ट आहेत." काकांनी "हो हो, लगेच" म्हणून कागद गोळा केले आणि आम्ही त्यांच्या खोलीत गेलो. खोलीत पलंग, एक व्यायामाची सायकल, आणि इस्त्रीचे कपडे. मला घाम आलेला पाहून काका बाहेर गेले आणि मेधाला विचारून आले, "एसी लावू ना थोडा वेळ?" मला वाटलं, किती समजूतदार माणूस. जावयाच्या घरी कसं राहावं हे यांच्याकडून शिकावं. घरी येऊन नवऱ्याला कौतुकानं सांगितलंही.

त्या वर्षी संजयच्या डोक्यात नाटक शिरलं. मंडळाचं वर्धापन वर्ष, तिकडून चांगली नाटकमंडळी बोलवायची, मोठं प्रेक्षागृह घ्यायचं. प्रायोजक मिळालाय, फक्त चेक यायचाय. कार्यकारिणीत चर्चा झाली, निर्णय झाला नाही. आणि मग एका शुक्रवारी दुपारी काका आमच्या ऑफिसखाली आले. माझं ऑफिस अलेक्झांड्राला, एवढ्या लांब ते एकटे कधी येत नसत. मी घाईघाईने खाली उतरले, म्हटलं तब्येत तर बरी आहे ना?

"प्रेक्षागृहाचं डिपॉझिट आज भरायचंय. नाहीतर तारीख जाते. प्रायोजकाचा चेक आठवड्यात येतोय. शाळानिधीतून भरा."

"काका, शाळानिधीतून? तुम्हीच तर..."

"पुनर्विनियोजन समजा. आठ दिवसांचं. मी आहे ना."

मी हसत हसत म्हटलं, "लेखी द्या काका!" हसत म्हटलं, पण अर्धं खरंच म्हटलं होतं. पिशवीतून व्हाउचरबुक काढून पुढेही केलं.

ते हसले. "आता मलाच लेखी मागणार का तुम्ही? पेन घरी राहिलं हो. रविवारी करतो सही. कार्योत्तर मंजुरी!"

मला लाजल्यासारखं झालं. ज्या माणसानं मला सगळं शिकवलं त्याच्यावर अविश्वास दाखवला असं वाटलं. मी तिथेच उभ्या उभ्या फोनवरून पैसे पाठवले. ते "छान" म्हणाले आणि बसस्टॉपकडे गेले.

पुढचं सांगायला नकोच. प्रायोजक फिरला. नाटक झालं नाही. डिपॉझिट बुडालं. महिनाअखेर आली तेव्हा शाळेच्या खोलीसाठी भरायला पैसे नव्हते, आणि घरमालकाने ती एका पियानो क्लासला दिली. दोन रविवार मी व्हाउचर घेऊन काकांकडे गेले. एकदा ते झोपले होते. एकदा मेधा दारातच म्हणाली, "बाबांना बरं नाहीये, नंतर ये ना."

मग सर्वसाधारण सभा. कम्युनिटी क्लबची खोली, मागे बटाटेवड्यांचे ट्रे, आणि पालक भडकलेले. एका बाईने उभं राहून विचारलं, "मुलांचे पैसे हलवले कुणी? कुणाच्या परवानगीने?" संजय माइक घेऊन अगदी शांतपणे म्हणाला, "कार्यकारिणीचा तसा ठराव नव्हता. खजिनदारांनी उत्साहात घेतलेला निर्णय दिसतो. हेतू चांगला असेल."

उत्साहात! मी म्हटलं, "मला काकांनी सांगितलं. ते इथेच बसलेत. काका, सांगा ना."

सगळ्या माना वळल्या. काका पहिल्या रांगेत, सफारी घालून. मेधा त्यांच्या शेजारी, नजर खाली. मला खरंच, देवाशपथ, एक क्षणभरही शंका आली नव्हती. मी वाटच बघत होते की ते उठतील, घसा खाकरतील आणि त्यांच्या त्या भाषेत सगळं नीट मांडतील. ते उठले. चष्मा लावला. माझ्या हातातली फाइल मागून घेतली. ते व्हाउचर काढलं, उलटसुलट करून पाहिलं, खिशातलं हिरवं पेन काढून त्याचं टोक सहीच्या रिकाम्या जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "यावर माझी सही नाही. कागदावर जे नाही त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही."

आणि खाली बसले.

त्या पेनाकडे बघताना मला आठवलं. त्या शुक्रवारी ते ऑफिसखाली आले होते तेव्हा डाव्या खिशाला पेनाची चकचकीत क्लिप दिसत होती. मी पाहिली होती. पाहूनही पाहिली नव्हती. पेन घरी नव्हतं राहिलं. सही करायची नाही हे ठरवूनच हा माणूस एमआरटीत बसून माझ्याकडे आला होता.

मी त्याच सभेत राजीनामा दिला. कुणी चोर म्हटलं नाही मला, इथले लोक सभ्य आहेत. फक्त पुढच्या कार्यक्रमांचे मेसेज मला उशिरा यायला लागले. सुपरमार्केटमध्ये एक ओळखीची बाई मला बघून दुधाच्या फ्रिजकडे वळली. ऑफिसातला एक पुण्याचा मुलगा, ज्याला घर शोधून दिलं होतं मी, तो चहाला बोलवेनासा झाला. नवऱ्याने एकदाच विचारलं, "तू लिहून का नाही घेतलंस त्यांच्याकडून? तेच तर शिकवत होते ना तुला?" आणि काका? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा नेहमीसारखा 'शुभ सकाळ'चा मेसेज. गुलाबाच्या पाकळीवर दवाचा थेंब, आणि खाली सचोटीवर दोन ओळी. मी फोन सोफ्यावर भिरकावला.

शनिवारचा वर्ग बंद पडला तो पडलाच. रेवा आता मोठी झाली. परवा फ्रिजमागे पडलेला एक जुना अर्ज सापडला तर तिने तो उचलून विचारलं, "आई, आक्षेप मीन्स व्हॉट आह?"

मी खूप विचार केला यावर. आधी वाटलं, ती मंत्र्याची गोष्टही खोटीच असणार. असा माणूस कसला मंत्र्याला नकार देतोय? फेटेवाला रोखपाल, कोकणातली बदली, सगळ्या थापा. मग हळूहळू वाटायला लागलं की नाही, ते सगळं खरं असणार. तेव्हा त्यांच्या पाठीशी खातं होतं, खुर्ची होती, बदली झाली तरी तिथेही ट्रेझरीच होती. इथे त्यांच्याकडे एक खोली होती, तिच्यात जावयाची सायकल होती आणि इथे राहायच्या पासवर हमीदार म्हणून जावयाचं नाव होतं. मला हे समजतं. समजलं म्हणून राग जातो, असं काही नाही. अहो, मंत्र्याला 'लेखी द्या' म्हणणाऱ्याला मला निदान 'भरू नका' एवढं तरी सांगता आलं असतं. तेवढंही नाही. माझ्याच हाताने कुलूप उघडवलं आणि आपली किल्ली खिशात ठेवून घरी गेले.

शेवटचे भेटले ते सभेनंतर पाचेक महिन्यांनी. सेरंगूनच्या मॉलमध्ये रेवाचे बूट घ्यायला गेले होते. परत येताना पाय आपोआप त्या हॉकर सेंटरकडे वळले, का ते विचारू नका. काका त्यांच्या नेहमीच्या टेबलावर. सफारी खांद्यावर लोंबत होती, इतके वाळले होते. मला बघून उठून उभे राहिले, जसे साहेब आल्यावर उठतात.

"बसा खजिनदारबाई."

"मी खजिनदार नाही आता."

"हो. तेही खरंच." त्यांनी आंटीला दोन बोटं दाखवली. दोन कोप्या आल्या, आणि न मागता चिठ्ठीही आली. "हियर, रिसीट अंकल." कोपीवर साय धरली.

मग मीच म्हटलं, "त्या दिवशी पेन खिशात होतं ना काका?"

त्यांनी कप खाली ठेवला. वाटलं, आता काहीतरी सरकारी बोलतील. म्हणाले, "होतं."

"संजयने पाठवलं होतं तुम्हाला?"

"तो म्हणाला, तुमच्या शब्दावर ती देईल." मग म्हणाले, "मी तुम्हाला भरा म्हणालो होतो. मीच म्हणालो होतो. तुमची काही चूक नव्हती, नीता."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नुसतं नीता म्हटलं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पाच महिने हे एक वाक्य ऐकायला मी तडफडत होते. पण ते मला एकटीला ऐकून काय करायचं होतं? तेवढं तर मला ठाऊकच होतं.

मी म्हटलं, "लेखी द्या काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश डाव्या खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. कोपीची चिठ्ठी उलटी केली. कोरी बाजू. हिरवं टोक कागदाला टेकलं. "तारीख आजची घालू की..." असं म्हणेपर्यंत टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला. संजय. काकांनी डाव्या हाताने उचलला.

"हो. हो, इथेच खाली आहे. एकटाच. येतो ना. फोटो? आहेत, पासपोर्ट साइजचे आहेत. पाठीमागे पांढरंच आहे. हो, पास संपायच्या आत द्यायला हवेत, माहितीये मला. निघालोच."

एकटाच, म्हणाले. मी समोर बसले होते.

फोन ठेवला. चिठ्ठीवर हिरवा एक ठिपका उमटला होता, तेवढाच. त्यांनी तो अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. मग चिठ्ठी पुन्हा सुलटी केली, आंटीच्या अक्षरातलं 'कोपी २' वाचलं, सवयीप्रमाणे त्याखाली सही केली, तारीख घातली, आणि ती घडी करून खिशात ठेवली.